बैठे शरीर आणि स्मरणशक्ती

“घरातलं सगळं मीच करते, मग निराळा व्यायाम कशाला?” असे पुष्कळ बायका विचारतात. त्यांचे म्हणणे खोटे नव्हे. पण ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहून पाय दुखतात, नाडी काही जलद होत नाही.

२०११ साली अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १२० वयस्क, बैठ्या स्त्रीपुरुषांपैकी निम्मे वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटे चालले. बाकीच्यांनी अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. मेंदूतला ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग नव्या आठवणी घडवतो. चालणाऱ्यांचा हा भाग सुमारे २ टक्के वाढला, ताणणाऱ्यांचा १.४ टक्के आकसला!

मग हल्ली गाजणारे पिलाटीस? जोसेफ पिलाटीस (१८८३–१९६७) या जर्मन गृहस्थाने आपल्या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’, म्हणजे नियंत्रणविद्या, म्हटले. नाव नेमके आहे. चटईवर निजून, पोट आवळून, श्वासाबरोबर एकेक हालचाल करायची. मन भटकले की हालचाल बिघडलीच. स्नायूंबरोबर लक्षालाही तालीम मिळते ती अशी. स्पेनमध्ये साठीपुढच्या स्त्रियांनी बारा आठवडे हा व्यायाम केला, तेव्हा त्यांना शब्द अधिक भराभर सुचू लागल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. असे प्रयोग अजून लहान आहेत, हे मात्र ध्यानात असू द्या.

तेव्हा चटई जरूर घाला, पण चालण्याऐवजी नव्हे. वेग किती? बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये, इतका.