हिवराचं वजन कोण करणार?

वखारीत ओंडका मोजण्याची जुनी रीत अशी: दोरी गुंडाळून घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. भूमितीने तपासलं तर हे उत्तर गोल ओंडक्याच्या खऱ्या घनफळाच्या साधारण 78.5 टक्के भरतं. बाकीचं कापणीत वाया जाणार म्हणून आधीच सोडून दिलेलं.

ही रीत ज्याच्या नावावर आहे तो एडवर्ड हॉपस, लंडनचा एक मोजणीदार. त्याचं कोष्टकांचं पुस्तक 1736 मध्ये निघालं आणि इंग्रजी अमलाबरोबर त्याचा हिशेब आपल्या वखारींत येऊन बसला. या विस्मृतीत गेलेल्या माणसाचा नाद मला फार जुना आहे. झाड म्हणजे सरळसोट खोड, बाकी सगळं जळण, ही त्याची नजर त्याच्यामागे कितीतरी वर्षं टिकली. वनाधिकारी डीट्रिख ब्रँडिसने 1856 पासून ब्रह्मदेशातल्या पेगूच्या जंगलात हत्तीवर बसून घेरवार मोजदाद केली, तीही सागाचीच. जे विकायचं तेच मोजायचं.

आता या नजरेने माळशिरस तालुका पाहा. नीरा उजव्या कालव्याखालचा ऊस सोडून नातेपुत्याच्या पश्चिमेला, शिखर शिंगणापूरच्या बाजूला चढू लागलात की हिवर, बोर, बाभूळ लागतात. झाडं बुटकी, वाकडी, बुंध्यापासूनच दोन-तीन फांट्यांत फुटलेली. हॉपसला इथे ओंडकाच सापडला नसता. सरकारी व्याख्येलाही हे रान पेलत नाही. एक हेक्टरवर झाडांची सावली 10 टक्क्यांहून कमी भरली, तर ती जमीन झुडपी ठरते आणि वनाच्छादनातून वगळली जाते.

झाडांत साठलेला कार्बन मोजणाऱ्यांकडे मात्र आता नवं सूत्र आहे. जेरोम शाव्ह आणि सहकाऱ्यांनी उष्ण कटिबंधातल्या 58 ठिकाणची तोडून वजन केलेली 4,004 झाडं एकत्र अभ्यासली आणि 2014 मध्ये समीकरण मांडलं. लाकडाची घनता, खोडाचा व्यास आणि उंची दिली की जमिनीवरचं कोरडं वजन मिळतं. त्याच्या साधारण 47 टक्के कार्बन धरतात.

खोड मोजायचं कुठे? आपल्याकडे रीत छातीइतक्या उंचीवर, 1.37 मीटरला. समजा सहा मीटर उंचीचा हिवर आहे, घनता 0.7. त्या उंचीला 14 सेंटिमीटरचे दोन फांटे असतील तर सूत्र सुमारे 94 किलो सांगतं. मोजणाऱ्याने फांट्याच्या खाली वाकून बुंधा मोजला आणि तो 28 सेंटिमीटर भरला, तर त्याच झाडाचे 182 किलो होतात. टेप फूटभर खाली सरकली आणि झाड जवळजवळ दुप्पट झालं! असे हजारो हिवर मोजून दशांशापर्यंतचे आकडे छापणाऱ्या अहवालावर माझा तरी विश्वास बसत नाही.

त्यातही कोरड्या मुलखातलं झाड आपली कमाई खाली दडवतं. मुळं आणि माती उकरून तपासायला खर्च येतो, म्हणून तिथे बहुधा ठरावीक गुणक लावून मोकळं होतात. मग कागदावर माळरान रिकामं दिसतं, आणि तिथे गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावण्याची योजना पुण्यकर्म वाटू लागते. जुनं गवताळ रान नांगरून, खड्डे खणून मातीतला किती कार्बन आपण उडवतो, हे त्या योजनेच्या जमाखर्चात क्वचितच येतं.

उपाय अवघड नाही. 2021 मध्ये पायाभरणी झालेल्या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणात कडेची झाडं गेली. पुढेही रस्त्यांसाठी, वीजवाहिन्यांसाठी झाडं जातीलच. तोडायचीच असतील तर प्रत्येक जातीची थोडी झाडं तरी आधी मोजावीत, मग फांद्यांसकट वजन करावं, नमुना वाळवून ओलावा वजा करावा. हिवराचं, बोराचं आपलं स्वतःचं सूत्र त्यातूनच उभं राहील. महाविद्यालयं आहेत, वनखातं आहे, आणि उसाच्या या तालुक्यात काट्यांची वाण तर मुळीच नाही. गाळप नसलेल्या महिन्यांत एखाद्या साखर कारखान्याने आपला काटा या कामाला द्यावा.