तमाशावर बंदी आली तेव्हा

गिरण्या जोरात चालत तेव्हा लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत दहा-पंधरा गडी राहत. एक पाळीला गेला की दुसरा त्याच जागी अंथरूण टाकी. जेवण खाणावळीत, बायको-मुले गावी. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड समजून घ्यायची तर आधी ही खोली डोळ्यांसमोर आणायला हवी.

वाटेगावचे अण्णा भाऊ, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊ मातंग समाजातले, शाळा जेमतेम दीड दिवसाची. अमर शेख म्हणजे मेहबूब हुसेन पटेल. गिरणीत राबलेले, संपापायी तुरुंग पाहिलेले. त्यांनी हाताशी होता तोच तमाशा घेतला. ढोलकी-तुणतुणे तेच, पण गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन, गौळणीला फाटा, आणि वगात राजाच्या जागी सावकार नि शेटजी. गिरणगावच्या प्रेक्षकाला ही माणसे रोज भेटत. कुठे हसायचे, हे त्याला शिकवावे लागत नसे.

सरकारलाही अर्थ बरोबर कळला. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. तेव्हा अण्णा भाऊंनी तमाशा हे नाव सोडून ‘लोकनाट्य’ म्हटले आणि खेळ चालू ठेवले. पोवाड्याला तर रंगमंचही लागत नाही. एक डफ आणि अमर शेखांचा तो पहाडी आवाज पुरे!

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हेच शाहीर सभा बांधून ठेवत. ‘माझी मैना’त गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरणारा गडी हळूहळू मुंबई, बेळगाव, कारवारच्या ताटातुटीवर येतो. एका माणसाचा विरह साऱ्या मुलखाचा होतो. माझ्या मते, शेकडो भाषणांना जे जमले नाही ते या एका छकडीने साधले. कारण ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांची मैना खरोखरच गावी होती.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव-कारवार बाहेरच राहिले. अण्णा भाऊंच्या नशिबी घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडी होती. बहुतेक लेखन त्यांनी तिथेच केले. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले.