गुणसूत्रांची संख्या आणि जातिभेद : भेकराचे उदाहरण

पेशीच्या केंद्रकातील गुणसूत्रांची संख्या हे प्रत्येक जीवजातीचे एक स्थिर लक्षण मानले जाते. मानवात ती ४६, गाईत ६० व घोड्यात ६४ असते. निकटच्या जातींत ही संख्या सारखी अथवा थोड्याफार फरकाची असावी, अशी अपेक्षा स्वाभाविक होय. या अपेक्षेला मोठा धक्का दिला तो सह्याद्रीच्या रानात भेकर या नावाने परिचित असलेल्या लहानशा हरणाने.

चिनी भेकराच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. भारतीय भेकराच्या मादीत मात्र ती केवळ ६ आणि नरात ७ असल्याचे डोरिस वुर्स्टर व कुर्ट बेनिर्श्क यांनी १९७० साली दाखवून दिले. सस्तन प्राण्यांतील ही सर्वांत लहान ज्ञात संख्या होय. या दोन जाती बांध्याने एकमेकींसारख्या असून बंदिस्त अवस्थेत त्यांच्या संकरातून जिवंत संततीही झालेली आहे. तेव्हा भारतीय भेकराने आपला आनुवंशिक ऐवज गमावला, की तो निराळ्या रीतीने बांधून ठेवला, हा प्रश्न उपस्थित झाला.

यांपैकी दुसरा पर्याय खरा ठरला. हरिणकुलाच्या पूर्वजात ७० गुणसूत्रे, म्हणजे ३५ जोड्या असाव्यात, असे अनुमान आहे. त्यांची टोके एकमेकांस जुळत जाऊन लांबच लांब गुणसूत्रे निर्माण झाली. ३५ जोड्यांवरून ३ जोड्यांवर येण्यास निदान ३२ सांधे जुळावे लागतात. या सांध्यांच्या खुणा आजही आढळतात. सामान्यतः गुणसूत्राच्या टोकाशी किंवा गुणसूत्रबिंदूपाशी असणारे डीएनएचे पुनरावृत्त क्रम येथे गुणसूत्राच्या मध्यभागीही दिसतात. नरातील सातव्या गुणसूत्राचा उलगडाही याच प्रक्रियेत आहे. एक्स गुणसूत्र एका अलिंगी गुणसूत्राशी जोडले गेले. नरात वाय गुणसूत्राबरोबर त्या अलिंगी गुणसूत्राची न जोडलेली प्रत स्वतंत्र राहिली.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दोन्ही जातींच्या जनुकसंचांची गुणसूत्रांच्या पातळीवर तुलना करण्यात आली. त्यांतील डीएनएचे क्रम एकमेकांशी, तसेच इतर हरणांशी व गाईशी लांबवर जुळतात. केंद्रकात गुणसूत्रांचे कोणते भाग परस्परांच्या सान्निध्यात असतात, याचेही मापन झाले. सांध्यांमुळे दूरवरच्या भागांची मांडणी बदलली होती. परंतु स्थानिक घडणीत, अगदी सांध्यांच्या आसपासही, लक्षणीय फरक आढळला नाही. जनुकांचा शेजार बहुतांशी टिकल्यामुळे प्राण्याच्या शरीररचनेत मोठी उलथापालथ झाली नाही, असे यावरून म्हणता येते.

गुणसूत्रे थोडी व मोठी असल्याने भेकराच्या पेशी विभाजनाच्या अभ्यासासही अत्यंत सोयीच्या ठरल्या आहेत. तर्कूचे तंतू गुणसूत्राच्या ज्या भागास चिकटतात, तो कायनेटोकोर या प्राण्याच्या एक्स गुणसूत्रावर असाधारण मोठा आहे. मोठ्या कायनेटोकोरची गुणसूत्रे तर्कूला योग्य रीतीने अधिक सहज जोडली जातात. तथापि एकाच कायनेटोकोरला दोन्ही ध्रुवांकडील तंतू चिकटण्याची चूकही त्यांच्या बाबतीत अधिक होते, असे २०१८ च्या प्रयोगांत आढळले. म्हणजे गुणसूत्रांच्या वाटणीतील प्रमाद सर्वस्वी यदृच्छेने घडत नाहीत.

मग संख्याभेदाची किंमत कोठे मोजावी लागते? ती प्रजननात. चिनी मादी व भारतीय नर यांच्या संकरज नरात २३ व ४ मिळून २७ गुणसूत्रे असतात. तो जगतो, वाढतो. परंतु अर्धसूत्री विभाजनात एका लांब गुणसूत्रासमोर अनेक लहान गुणसूत्रांना जोडी जुळवावी लागते आणि शुक्रपेशींची निर्मिती मध्येच खुंटते. यीस्टवरील प्रयोगांनी या निष्कर्षास पुष्टी दिली. २०१८ साली चीनमधील संशोधकांनी यीस्टची १६ गुणसूत्रे जोडून एकच केली, तर अमेरिकेतील संशोधकांनी ती दोनवर आणली. दोन्ही प्रकारचे यीस्ट जगले व वाढले. परंतु १६ गुणसूत्रांच्या यीस्टचा १२ गुणसूत्रांच्या यीस्टशी संकर केला असता जिवंत बीजाणूंचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही खाली गेले, आणि आठ सांध्यांनंतर दोन वाण प्रजननदृष्ट्या अलग झाले.

येथे एक विरोधाभास दिसतो. सांधे प्रजननास बाधक असतील, तर इतके सांधे टिकले कसे? याचे उत्तर बहुधा क्रमात आहे. एकच सांधा असलेल्या प्राण्यात जोडी जुळण्यास अडचण थोडी येते व त्याची प्रजननक्षमता पुष्कळशी शाबूत राहू शकते. लहान समूहात असा सांधा केवळ यदृच्छेनेही सर्वत्र पसरू शकतो. त्यानंतर दुसरा येतो. प्रत्येक पायरी लहान असते. परंतु दोन समूह वेगळे राहिले, तर त्यांच्यातील साचलेले अंतर ओलांडता येत नाही.

हा प्रश्न केवळ हरणांपुरता नाही. दर हजार माणसांमागे सुमारे एकाच्या पेशींत दोन गुणसूत्रे जोडलेली असून एकूण संख्या ४५ असते. अशी व्यक्ती बहुधा निरोगी असते. मात्र काहींना वारंवार गर्भपात किंवा वंध्यत्व यांस तोंड द्यावे लागते. अशा दांपत्यास सल्ला देताना ध्यानात ठेवावयाचा भेद भेकराच्या उदाहरणाने स्पष्ट होतो: शरीरास पुरेसा असलेला आनुवंशिक ऐवज पुढील पिढीकडे सुरळीत पोहोचेलच, असे नाही. गुणसूत्रांची संख्या ही त्या ऐवजाचे माप नसून त्याच्या वाटणीची व्यवस्था होय.