शिष्यवृत्तीचा अर्ज उघडत नाही? आधी हे पाहा

पांढरकवड्यातील कष्टकरी घरांतही आता जुना का होईना, संगणक दिसतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो. मुदत संपत आली आणि पान उघडले नाही की आईबापांचा जीव टांगणीला लागतो. दुरुस्तीला पैसे घालवण्याआधी पालकांनी चार गोष्टी घरीच पाहाव्यात, असे आम्ही सुचवतो.

पहिली, तारीख. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा आला तर संगणकाची तारीख तपासा. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. तारीख चुकली की ब्राउझर ते नाकारतो. ती वारंवार चुकत असल्यास आतला नाण्याएवढा सेल बदला. बहुतेक संगणकांत तो सी.आर. २०३२ असतो. तारीख बरोबर असूनही इशारा येतो? मग आधार किंवा बँकेची माहिती मुळीच भरू नका.

दुसरी, साठलेल्या फाइल्स. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबा; फक्त कॅश पुसा, पासवर्ड राहू द्या.

तिसरी, पावती. ती उघडत नसेल तर पॉप-अपला परवानगी द्या.

चौथी, ब्राउझरचे वय. इंटरनेट एक्सप्लोरर २०२२ साली बंद झाला. विंडोज ७ वर क्रोमच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासून येत नाहीत.

मोबाइलच्या नेटवरही पान उघडले नाही, तर दोष बहुधा पोर्टलचा. तेव्हा पहाटे पुन्हा प्रयत्न करा. सर्वांत उत्तम म्हणजे अर्ज पहिल्याच आठवड्यात भरा. शेजारच्या मुलामुलींनाही हे सांगा. एका अर्जावर वर्षभराची फी अवलंबून असते.