ओव्हलच्या काठचे दोन युरोप

दक्षिण मुंबईत चर्चगेट स्थानकालगत ओव्हल मैदान पसरले आहे. त्याच्या पूर्वेकडून कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग जातो, पश्चिमेकडून महर्षी कर्वे मार्ग. पूर्वेला टोकदार कमानी, उंच मनोरे आणि कोरीव दगड असलेल्या गॉथिक इमारतींची रांग आहे. पश्चिमेला गोलसर कोपऱ्यांच्या, आडव्या रेषांनी सजलेल्या फिकट रंगांच्या आर्ट डेको इमारती आहेत. पहिली रांग १८७० च्या दशकातील लंडनची आठवण करून देते, तर दुसरी १९३० च्या दशकातील पॅरिसची. मराठी मुलखात आणि शेजारच्या गोव्यात युरोपीय वळणाची गावे आणि वस्त्या इतरत्रही आहेत. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये पोर्तुगीज घरांची गल्ली आहे, वसईच्या किल्ल्यात चर्चचे भग्नावशेष आहेत. मात्र दोन वेगळ्या काळांतील दोन युरोपीय शैली एका मैदानाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या राहिलेल्या दिसतात त्या ओव्हलवरच.

हे मैदान म्हणजे मुंबईच्या जुन्या किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेडचा उरलेला तुकडा आहे. तोफांचा मारा अडू नये म्हणून तटाबाहेरची जमीन मोकळी ठेवलेली असे. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि कूपरेज हे त्याच एस्प्लनेडचे इतर भाग. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तटाचा लष्करी उपयोग संपला होता आणि आतली वस्ती मात्र दाटीवाटीची झाली होती. सर बार्टल फ्रिअर १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत तट पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात सरकारी इमारती बांधण्याचा आराखडा तयार झाला.

त्यासाठी लागणारी संपत्ती शहरात आली ती अमेरिकेतील यादवी युद्धामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि व्यापाऱ्यांच्या हाती अमाप पैसा खेळू लागला. युद्ध संपताच भाव कोसळले, बँका बुडाल्या, पण तोवर देणग्या जाहीर झाल्या होत्या. कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि मनोरा यांसाठी मिळून ४ लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे, नाव मिळाले. पदवीदान सभागृहासाठी पैसा दिला तो सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी.

पूर्वेकडील रांग दक्षिणेकडून उत्तरेकडे पाहत जावी. सुरुवातीला जुने सचिवालय लागते. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी ते व्हेनेशियन गॉथिक शैलीत बांधले. ते १८७४ मध्ये पूर्ण झाले आणि आज तिथे नगर दिवाणी व सत्र न्यायालय भरते. त्यानंतर विद्यापीठाचे पदवीदान सभागृह आणि ग्रंथालय येते. दोन्हींचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाचे प्रसिद्ध हॉटेल याच वर्षांत त्यांच्या आराखड्यावरून उभे राहत होते. स्कॉट मुंबईत कधी आले नाहीत. त्यांनी लंडनहून नकाशे पाठवले आणि इथल्या अभियंत्यांनी व कारागिरांनी ते दगडात उतरवले. सभागृहाच्या गोल खिडकीतील रंगीत काचांवर बारा राशींची चित्रे आहेत. १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे. त्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत. रावबहादूर मकुंद रामचंद्र यांनी ते घडवले. त्यामुळे गॉथिक मनोऱ्याच्या कोनाड्यांत ख्रिस्ती संतांऐवजी पागोटी घातलेली इथली माणसे दिसतात.

त्यापुढे मुंबई उच्च न्यायालय आहे. कर्नल जेम्स फुलर यांच्या आराखड्यावरून उभी राहिलेली ही इमारत १८७८ मध्ये पूर्ण झाली. अष्टकोनी मनोऱ्यांवर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत. आतल्या एका खांबावर एका डोळ्याला पट्टी बांधून तिरका तराजू धरलेला माकड-न्यायाधीश कोरलेला आहे. नाराज ठेकेदाराने हा सूड उगवल्याची कथा सांगितली जाते. लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला याच इमारतीत चालला आणि २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. त्या जागी आज त्यांचा स्मृतिफलक आहे. रांगेच्या उत्तर टोकाला सार्वजनिक बांधकाम खाते आणि तार कार्यालय यांच्या इमारती येतात.

शैली इंग्लंडमधून आली, तरी दगड इथलाच होता. भिंतींना कुर्ल्याचा आणि काळा बेसाल्ट, कोरीव कामाला पोरबंदरचा मऊ चुनखडी दगड. हवामानानेही आराखड्यात बदल घडवले. इंग्लंडमध्ये ऊन आत घेण्याची धडपड असते, मुंबईत ते बाहेर ठेवण्याची. म्हणून पश्चिमेच्या उन्हाला आणि पावसाच्या झडीला अडवणारे कमानींचे लांब व्हरांडे जवळपास प्रत्येक इमारतीला आहेत. त्या काळी या व्हरांड्यांतून थेट समुद्र दिसत असे, कारण मैदानापलीकडे रेल्वेमार्ग होता आणि त्याच्या पुढे बॅक बे.

तो समुद्र नजरेआड झाला विसाव्या शतकात. १९२० च्या दशकातील बॅक बे भराव योजना रखडली आणि खर्चावरून गाजली. वीर नरिमन यांनी त्यातील गैरव्यवहाराला वाचा फोडली. तरीही मिळालेल्या जमिनीवर १९३० च्या दशकात इमारती उभ्या राहू लागल्या. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनानंतर आर्ट डेको शैली जगभर पसरली होती. आगबोट, विमान आणि मोटार यांच्या वेगाची तिच्यावर छाप होती. गोल खिडक्या, जहाजाच्या कठड्यासारख्या गॅलऱ्या, उगवत्या सूर्याच्या नक्षीच्या लोखंडी जाळ्या आणि इमारतीच्या नावाची ठसठशीत अक्षरे ही तिची ओळख. दगडाची जागा आरसीसीने घेतली. इथेही हवामानाला उत्तर द्यावे लागलेच. खिडक्यांवरून सलग धावणारे छज्जे शोभेइतकेच उन्हापावसासाठीही आहेत.

मात्र या रांगेचे मालक आणि शिल्पकार बदलले होते. पूर्वेची रांग सरकारने बांधली, तर पश्चिमेची मुंबईच्या भारतीय मध्यमवर्गाने आणि धनिकांनी स्वतःच्या राहण्यासाठी. एम्प्रेस कोर्ट ही ओव्हलसमोरची इमारत गजानन म्हात्रे या मराठी वास्तुविशारदाची. मरीन ड्राइव्हवरील सूना महालही त्यांचाच. चर्चगेटसमोरचे इरॉस चित्रपटगृह (१९३८) सोराबजी भेडवार यांनी रेखले. कुलाब्याजवळचे रीगल (१९३३) चार्ल्स स्टीव्हन्स यांचे. बोरीबंदरचे गॉथिक रेल्वे स्थानक बांधणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे ते पुत्र. बाप आणि मुलाच्या कामात शहराची दोन युगे सामावली आहेत. लुमिए बंधूंच्या चलचित्रांचा भारतातला पहिला खेळ जवळच्याच वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी झाला होता. चाळीस वर्षांत त्याच परिसरात सिनेमाचे हे प्रासाद उभे राहिले. आर्ट डेको इमारतींच्या संख्येत अमेरिकेतील मायामीच्या खालोखाल मुंबईचे नाव घेतले जाते.

३० जून २०१८ रोजी बहारीनमधील मनामा येथे युनेस्कोने ‘मुंबईचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूह’ जागतिक वारशाच्या यादीत घेतला. घारापुरी (१९८७) आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२००४) यांच्यानंतरचा मुंबईतील हा तिसरा वारसा. त्यात ९४ इमारती आहेत. ओव्हलच्या दोन्ही रांगांबरोबर मरीन ड्राइव्हची समुद्रासमोरची ओळही त्यात येते.

दोन बाजूंच्या जतनाचे प्रश्न सारखे नाहीत. न्यायालये आणि विद्यापीठ यांच्या डागडुजीची जबाबदारी संस्थांवर आहे. पश्चिमेच्या इमारतींत मात्र कुटुंबे राहतात आणि गॅलरी बंद करणे, जुनी जाळी काढणे किंवा वातानुकूलन यंत्र बसवणे अशा घरगुती निर्णयांनीही दर्शनी भाग बिघडतो. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली लागू आहे आणि यादीतील इमारतींत मोठे बदल करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. पण पूर्वेची रांग टिकवणे हे सरकारचे आणि संस्थांचे काम असले, तरी पश्चिमेची रांग टिकेल ती तिथे राहणाऱ्यांच्या जाणिवेवरच.