गवती चहातले सोने

आमच्या उदगीरच्या घराच्या परसात गवती चहाचा ठोंब आहे. गेल्या दिवाळीत मी आईला सहज म्हटले, "या गवताच्या जातभाईच्या रसात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सोने घडवले!"

माझ्या शिक्षणापायी आईने पाटल्या मोडल्या होत्या. तिने लगेच विचारले, "किती तोळे?"

हसू नका, वाचकहो! गवत काही सोने पिकवीत नाही. सोन्याचा क्षार पाण्यात विरघळवून त्यात रस घातला, की सोन्याचे अणू सुटे होतात आणि एकमेकांना बिलगून त्यांचे गोल कण बनतात. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग कल्पावेत, त्यांतल्या मोजक्याच भागांएवढे ते लहान. असे सुटे कण पिवळे नव्हे, माणकासारखे लाल दिसतात. मौज पुढेच आहे. रसातली द्रव्ये कणांना चिकटतात, कण द्रवासारखे मऊ वागतात, थेंबात थेंब मिसळावा तसे जुळतात आणि भट्टीवाचून चपटे त्रिकोण तयार होतात! डॉ. मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी हे २००४ साली प्रसिद्ध केले.

"म्हणजे वजन तेवढंच, घाट नवा," आई म्हणाली. "माझ्या पाटल्याही आता कुणाच्या तरी हातात बांगड्या झाल्या असतील."

आणि ती परसात गवती चहा खुडायला गेली.