अर्ध्या व्यवहारात वकील बदलताना

दस्त नोंदला गेला म्हणजे मालकी पक्की झाली, ही आपल्याकडील मध्यमवर्गाची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली एकदा नव्हे, दोनदा खोडून काढली. एप्रिलमध्ये न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी तमिळनाडूच्या नोंदणी नियमांतील एक नियम रद्द करताना, विक्रेत्याचा मालकीहक्क तपासणे हे दुय्यम निबंधकाचे कामच नव्हे, असे स्पष्ट केले. आणि नोव्हेंबरमध्ये समीउल्ला विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात न्या. पी. एस. नरसिंह आणि न्या. जॉयमाल्य बागची यांनी, जमाबंदीचा पुरावा दाखवल्याखेरीज दस्त न नोंदण्याचे बिहार सरकारचे नियम अवैध ठरवून, नोंदणी आणि मालकी या दोन गोष्टी भिन्न असल्याची पुन्हा जाणीव करून दिली. वर्तमानपत्रांनी या दुसऱ्या निकालातील ब्लॉकचेनविषयीच्या सूचनेला मोठे मथळे दिले. परंतु दुय्यम निबंधक मालकी तपासत नसेल आणि सरकार तिची हमी देत नसेल, तर ती तपासण्याचा सारा भार ज्या एका व्यक्तीवर पडतो, त्या खरेदीदाराच्या वकिलाविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही. आणि इसार देऊन झाल्यावर त्या वकिलावरचाच विश्वास उडाला तर काय करावे, हा प्रश्न तर चर्चेबाहेरच राहिला.

वस्तुतः हा प्रश्न पुण्या-मुंबईत, ठाण्या-नाशकात नित्य उद्भवणारा आहे. शोध अहवाल आठवड्यांमागून आठवडे हाती येत नाही, फोन उचलला जात नाही, मसुद्यात दुसऱ्याच कोणाच्या सदनिकेचा क्रमांक राहून गेलेला आढळतो, किंवा आपला म्हणून नेमलेला वकील वास्तविक दलालाने आणलेला असून विक्रेत्याचेही काम तोच पाहत असल्याचे उशिरा लक्षात येते. यांतील शेवटचा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो. घेणारा आणि देणारा यांचे हित ज्या व्यवहारात स्वभावतःच परस्परविरोधी असते, तेथे दोघांचा सल्लागार एकच असणे हे काटकसरीच्या नावाखाली खरेदीदाराचे संरक्षण काढून घेणे होय, आणि असे आढळताच विलंब न करता वकील बदलावा. तरीही माणसे बदलत नाहीत. याला कारण भीती हेच असते; आणि ती भीती बहुतांशी दोन गैरसमजांवर उभी आहे.

पहिला गैरसमज नाहरकतीचा. जुन्या वकिलाने ‘एन.ओ.सी.’ दिल्याखेरीज दुसरा वकील कागदाला हात लावू शकत नाही, असे लोक धरून चालतात. न्यायालयात वकीलपत्र दाखल झालेले असेल, तर बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे दुसऱ्या वकिलाला पहिल्याची संमती घ्यावी लागते, आणि ती मिळत नसेल तर न्यायालयाची परवानगी मागावी लागते, हे खरे. परंतु घरखरेदीत कोणत्याही न्यायालयात वकीलपत्र दाखल झालेले नसते. तेथे पक्षकाराचे एक लेखी पत्र, ज्यात नेमणूक संपल्याची तारीख आणि कागद परत करण्याची मागणी असेल, ते पुरेसे आहे.

दुसरा गैरसमज, फी चुकती होईपर्यंत वकील कागद अडवून ठेवू शकतो हा, अधिक खोल आहे, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2000 रोजी दिलेला निकाल प्रत्येक घर घेणाऱ्याला ठाऊक असावा, असे मला मनापासून वाटते. मध्य प्रदेश राज्य सहकारी बँकेच्या विधी सल्लागाराची नेमणूक 1993 साली संपुष्टात आली, तेव्हा बँकेने आपल्या फायली परत मागितल्या. सल्लागाराने 97,100 रुपयांचे देयक पाठवून, ते चुकते झाल्याशिवाय फायली मिळणार नाहीत, असे कळवले. प्रकरण बार कौन्सिलकडे गेले, आणि तेथून आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या नावाने सर्वोच्च न्यायालयात आले. वकिलाचा आधार होता करार अधिनियमाचे कलम 171, ज्यात पेढीवाल्यांप्रमाणेच ‘उच्च न्यायालयाचे अॅटर्नी’ यांनाही ताब्यातील माल येणे रकमेपोटी अडकवून ठेवण्याची मुभा आहे. (मुंबई-कलकत्त्याच्या उच्च न्यायालयांतील अॅटर्नींची ती जुनी व्यवस्था 1976 च्या दुरुस्तीने संपली, कलमातील शब्द मात्र राहिले.) न्या. के. टी. थॉमस आणि न्या. आर. पी. सेठी यांनी हा आधार मुळातच अमान्य केला: फायली हा विकता येण्याजोगा माल नव्हे, म्हणून त्यावर धारणाधिकार चालत नाही, आणि ज्या देशात पक्षकारांपैकी असंख्य लोक निरक्षर आहेत, तेथे असा अधिकार मान्य केला तर त्याचा दुरुपयोग आणि पिळवणूक होईल. कायदा तोवर अस्पष्ट होता, हे लक्षात घेऊन बार कौन्सिलने ठोठावलेली 18 महिन्यांची व्यवसायबंदी न्यायालयाने केवळ ताकिदीपर्यंत खाली आणली. मात्र ही सौम्यता पुढील कोणत्याही वकिलाने पूर्वनिर्णय म्हणून पुढे करू नये, असेही बजावून ठेवले. ते प्रकरण दाव्यांच्या फायलींचे होते. घराच्या कागदांना तेच तत्त्व अधिकच बळकटपणे लागू व्हावे, असे माझे मत आहे. वकिलाला फी मिळालीच पाहिजे, त्यासाठी त्याला दावा लावण्याची मुभा आहे. पक्षकाराचे कागद ओलीस धरण्याची नाही.

इंग्लंडात स्थिती उलट आहे, आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी हा भेद लक्षात ठेवावा. तेथील सॉलिसिटरला फी चुकती होईपर्यंत कागद ठेवून घेण्याचा अधिकार परंपरेने आहे, आणि नवा सॉलिसिटर कर्ज देणाऱ्या बँकेच्या मान्य यादीत नसेल तर खोळंबा वाढतो. परंतु तेथील भूनोंदणीला राज्याची हमी असल्यामुळे मालकीचा मुख्य पुरावा सरकारी नोंदवहीत सुरक्षित असतो. आपल्याकडे मालकी ही जुन्या दस्तांच्या साखळीवरून अनुमानाने काढावी लागते; त्या साखळीतला एक मूळ कागद अडकला, तर विक्री, तारण, वारसा सारेच अडते.

बदल कोणत्या टप्प्यावर करता, यावर त्याची किंमत ठरते. साठेखतावर सही होण्यापूर्वी वकील बदलला, तर काही दिवस आणि थोडी फी यांपलीकडे नुकसान नाही. शिवाय नियमाप्रमाणे वकिलाने स्वतः काम सोडले असेल, तर न झालेल्या कामाची फी त्याने परत करावयाची असते. साठेखत झाल्यानंतर मात्र त्यातील मुदत चालू राहते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 54 प्रमाणे साठेखताने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. करारपूर्ती मागण्याचा अधिकार मिळतो, आणि तो मागणाऱ्याला आपण आपली बाजू पार पाडण्यास सदैव तयार व तत्पर होतो, हे दाखवावे लागते. ‘मी वकील बदलत होतो’ हे त्यावर उत्तर होत नाही. म्हणून नव्या वकिलाने पहिल्याच दिवशी समोरच्या पक्षाला पत्र लिहून मुदतवाढ मागावी, आणि ती उभयतांच्या सहीच्या पुरवणी करारात उतरवावी.

एका बाबीकडे अनुभवी माणसांचेही दुर्लक्ष होते. खरेदीपूर्वी वर्तमानपत्रात जी जाहीर नोटीस दिली जाते, तिच्यात हरकती पाठवण्याचा पत्ता जुन्या वकिलाचा असतो. विक्रेत्याच्या एखाद्या बहिणीने वारसाहक्काची हरकत मुदतीत त्या पत्त्यावर पाठवली आणि ती तेथेच पडून राहिली, तर खरेदीदार आपण निर्वेध मिळकत घेत आहोत असे समजत राहतो, आणि पुढे दाव्यात मात्र हरकत त्याच्या वकिलापर्यंत पोहोचली होती, म्हणजे ती त्यालाही ठाऊक होती, असे धरले जाऊ शकते. यास्तव जुन्या वकिलाकडून, हरकती आल्या असल्यास त्या सर्व, नसल्यास तसे लेखी, हे मिळवल्याखेरीज पुढे जाऊ नये. न मिळाल्यास नवी नोटीस द्यावी. दस्तनोंदणीसाठी जुन्या वकिलाच्या किंवा त्याच्या कारकुनाच्या नावे कुलमुखत्यारपत्र दिले असेल तर ते रद्द करून संबंधितांना कळवावे. विक्रेत्याने तपासणीसाठी दिलेले मूळ दस्त पावतीनिशी विक्रेत्याकडे परत गेले आहेत, याची खात्री करावी.

नव्या वकिलाने जुना शोध अहवाल केवळ वाचून त्यावर विसंबू नये. दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक 2, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, त्यामागील फेरफार, सोसायटीचे दाखले, हे त्याने स्वतः पाहावे आणि अहवालावर स्वतःची सही करावी. त्याची वेगळी फी द्यावी लागली तरी ती द्यावी. बँकेच्या पॅनेलवरील वकिलाचा अहवाल बँकेसाठी असतो, तो याला पर्याय नव्हे. ही दक्षता आता अधिक आवश्यक झाली आहे, कारण 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली. तक्रार बार कौन्सिलकडे करता येते. पण बुडालेली रक्कम भरून देण्याचे ते ठिकाण नव्हे. त्या निकालाचे एक कारण असे होते की वकील कसे काम करतो यावर पक्षकाराचे थेट नियंत्रण असते. हे नियंत्रण जर पक्षकाराचे आहे, तर ते काढून दुसऱ्याच्या हाती देण्याचा अधिकारही त्याचाच, हा त्यातून निघणारा अर्थ घर घेणाऱ्यांनी निःसंकोच वापरावा.

विक्रेत्याने वकील बदलला तर त्याची अडचण निराळी आहे. मिळकतीतील सहज लक्षात न येणारे महत्त्वाचे दोष खरेदीदाराला सांगणे आणि त्याच्या प्रश्नांना माहितीप्रमाणे उत्तरे देणे, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 55 अन्वये विक्रेत्याचे कर्तव्य आहे, आणि जुन्या वकिलाने त्याच्या वतीने जी उत्तरे लिहून पाठवली ती त्याचीच उत्तरे धरली जातील. तो पत्रव्यवहार अथपासून इतिपर्यंत वाचून, त्यात काही चुकीचे असल्यास ते लेखी दुरुस्त करून, मगच नव्या वकिलाने खरेदीखताच्या मसुद्याला हात घालावा.